बूर्बँस नदीकाठचे गाव आणि आमच्या घरातील तसबीर

आमच्या लोकांत असे ख्रिस्ती घर विरळाच, की ज्याच्या भिंतीवर येशूच्या अतिपवित्र हृदयाची तसबीर नाही. सांजवेळी तिच्यापुढे दिवा लागतो आणि घरातील लहानथोर गुडघे टेकून जपमाळ म्हणतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तमंदिरात जी गर्दी लोटते, तीही ह्याच भक्तीपायी. परंतु हा पहिला शुक्रवार आला कोठून, आणि ज्वालांनी वेढलेले, काट्यांनी विळखलेले व वर क्रूस असलेले ते हृदय प्रथम कोणी कोठे काढले, असा प्रश्न एखाद्या मुलाने केला, तर आपल्यापैकी पुष्कळांस उत्तर सुचणार नाही. काही वर्षांपूर्वी ते स्थान डोळ्यांनी पाहण्याचा योग आम्हांस आला. आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवाच्या प्रसंगी त्या गावाची हकिकत वाचकांस सादर करावी, असे आम्ही योजिले आहे.

ते गाव म्हणजे फ्रान्स देशाच्या बर्गंडी प्रांतातील पारे-ल-मोनियाल. ल्यों शहराहून वायव्येकडे आगगाडीने जावे, म्हणजे डोंगरटेकड्या हळूहळू मागे पडतात आणि शारोले नावाचा कुरणांचा मुलूख लागतो. झुडुपांच्या कुंपणांनी आखलेली हिरवी शेते आणि त्यांत संथपणे चरणारी पांढरीशुभ्र गुरे, हेच येथील वैभव. ह्या गुरांची जात ह्याच मुलखाच्या नावाने साऱ्या जगात ओळखली जाते. गावाला लागून बूर्बँस नावाची लहानशी नदी वाहते. ती पुढे आरू नदीस मिळते व आरू ल्वार ह्या महानदीस. गावाजवळूनच सोन आणि ल्वार ह्या दोन नद्यांना जोडणारा कालवाही जातो. त्याचे खोदकाम १७८३ साली सुरू झाले. नदीवरील पुलावर आम्ही येऊन उभे राहिलो, तेव्हा पैलतीरी पिवळसर दगडाचे एक भव्य मंदिर आपल्या तिन्ही मनोऱ्यांसह पाण्यात उतरलेले दिसले. त्या प्रतिबिंबाकडे पाहून कोणासही वाटावे की गावाची सारी कथा ह्या मंदिराची आहे. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु ती कथा तशी नाही, हे पुढे ध्यानी आले.

मंदिराची कथा आधी सांगणे प्राप्त आहे. ९७३ साली शालों येथील काउंट लांबेर ह्याने क्लूनीचे मठाधिपती संत मायोल ह्यांच्या सल्ल्याने येथे संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणारा मठ स्थापिला. ९७७ साली त्याच्या पहिल्या मंदिराचे पवित्रीकरण झाले. लांबेरचा पुत्र ह्यूग ह्याने ९९९ साली तो मठ क्लूनीच्या स्वाधीन केला. गावाच्या नावातील 'मोनियाल' हा शब्द ह्याच मठवासी साधूंची खूण होय. क्लूनीचा मठ त्या काळी पश्चिम युरोपच्या धर्मजीवनाचा जणू कणा होता. १०८८ साली तेथे जे तिसरे मंदिर बांधावयास घेतले, ते सुमारे १८७ मीटर लांब झाले आणि रोमचे सध्याचे संत पेत्राचे मंदिर उभे राहीपर्यंत साऱ्या ख्रिस्ती जगतात त्याहून मोठे मंदिर नव्हते. पारे येथील साधूंनी त्याच थोरल्या मंदिराच्या धर्तीवर, परंतु आपल्या लहान वस्तीस शोभेल अशा मापाने, आपले मंदिर बाराव्या शतकात उभारिले.

आत पाऊल टाकताच प्रथम जाणवतो तो शांत, सोनेरी उजेड. कोरीव काम फारसे नाही. बांधणाऱ्यांनी सारा भर दगडाच्या प्रमाणबद्धतेवर व उजेडावर दिला आहे. मधला सभामंडप अवघ्या तीन खणांचा, भिंतींचे मजले तीन, आणि वर खिडक्याही तिघी-तिघींच्या ओळीने. एकच देव, पण त्याच्या ठायी तीन व्यक्ती, हे रहस्य जणू गवंड्याने ओळंबा व गुण्या हाती घेऊन सांगितले आहे. वेदीच्या मागे अर्धवर्तुळाकार प्रदक्षिणामार्ग आहे. सडपातळ खांबांच्या त्या वाटेस देवदूतांची फेरी असे सुंदर नाव पडले आहे. वेदीवरील घुमटीत वैभवी प्रभूचे मोठे भित्तिचित्र आहे. कित्येक शतके ते चुन्याच्या रंगाखाली दडले होते आणि १९३५ साली पुन्हा उजेडात आले.

मंदिरातून बाहेर पडून अरुंद गल्ल्यांनी गावात शिरले, म्हणजे व्यापाऱ्यांचे पारे भेटते. येथील नगरसभागृह म्हणजे १५२५ च्या सुमारास एका धनाढ्य कापडव्यापाऱ्याने बांधिलेली हवेली. तिच्या दर्शनी भिंतीवर राजेलोकांचे व वीरांचे मुखवटे कोरिले आहेत. तिच्यासमोरच संत निकोलसच्या जुन्या मंदिराचा मनोरा उभा आहे. म्हणजे साधूंनी बांधिले, व्यापाऱ्यांनी बांधिले, नगरवासीयांनीही बांधिले. सोळाव्या शतकात धर्मकलहांनी फ्रान्स होरपळला, त्याची झळ ह्या गावासही लागली. पुढे सतराव्या शतकात येथे येशूसंघीय धर्मगुरू आले, आणि १६२६ साली संत फ्रान्सिस दे सालेस व संत जेन फ्रान्सिस दे शांताल ह्यांनी स्थापिलेल्या मरियेच्या भेटीच्या संघाच्या भगिनींनी एक लहान मठ उघडिला. थोरल्या मंदिरापासून तो थोड्याच पावलांवर आहे. नदीवरून पाहणाऱ्यास त्याचे अस्तित्वही कळत नाही.

ह्या लहान मठात १६७१ सालच्या जून महिन्यात तेवीस वर्षांची एक तरुणी दाखल झाली. तिचे नाव मार्गारेट आलाकॉक. तिचा जन्म २२ जुलै १६४७ रोजी जवळच्याच व्हेरोव्हर गावच्या परिसरात झाला होता. पिता राजदरबारी नोंदणीचे काम पाहणारा गृहस्थ, परंतु तो मुलीच्या लहानपणीच वारला. मग घराचा कारभार आप्तांच्या हाती गेला, आणि आई व मुलगी स्वतःच्याच घरात आश्रितांसारख्या दिवस कंठू लागल्या. त्यात मार्गारेटला मोठे आजारपण आले व कित्येक वर्षे तिला धड चालवेना. मठात आल्यावरही ती कामात चपळ नव्हती. तिचे चित्त प्रार्थनेत असे आणि हातून भांडी पडत. अशा भगिनीविषयी मठात फार मोठ्या अपेक्षा कोणी बाळगल्या नसल्या, तर त्यात नवल नाही.

२७ डिसेंबर १६७३, संत योहानाचा सण. परमपवित्र साक्रामेंतापुढे प्रार्थना करीत असता प्रभूने आपले हृदय तिला प्रकट केले, असे तिने पुढे आज्ञेवरून लिहून ठेविले. त्यानंतरच्या दीड वर्षात अशी दर्शने आणखी झाली. त्यांतील मागणी साधी होती. मनुष्यांनी प्रभूच्या प्रीतीकडे पाठ फिरविली आहे. त्या अनास्थेची भरपाई म्हणून पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घ्यावा, गुरुवारी रात्री गेथशेमनीतील प्रभूसंगे एक तास जागावे, आणि ख्रिस्तशरीराच्या सणाचा अष्टाह संपल्यानंतरच्या शुक्रवारी ह्या हृदयाचा सण पाळावा. ही भक्ती तोपर्यंत अगदीच अज्ञात होती असे नव्हे. मध्ययुगातील संत गर्ट्रूडच्या लेखांत ती आढळते, आणि संत जॉन यूड्स ह्यांनी १६७२ सालीच असा सण आपल्या संघात सुरू केला होता. तथापि आज ज्या रूपात ती साऱ्या ख्रिस्तसभेत व आमच्या घरांत नांदते, ते रूप तिला पारे येथेच लाभले.

परंतु तिचे ऐकतो कोण? मठाध्यक्षा मातेने विद्वान धर्मपंडितांचा सल्ला घेतला. त्यांनी हा सारा मनाचा भ्रम ठरविला, आणि ह्या भगिनीस खाऊ-पिऊ नीट घालावे, असा उपचारही सांगितला. पुढे एका प्रसंगी तिला भूतबाधा झाली असावी अशा समजुतीने काही भगिनींनी तिजवर पवित्र जल शिंपडिले. ह्या भगिनी दुष्ट होत्या असे मानण्याचे कारण नाही. त्या नियमाने चालणाऱ्या, प्रार्थनाशील स्त्रिया होत्या. खोट्या दर्शनांपासून सावध राहणे हे त्यांचे कर्तव्यच होते. त्यांचे चुकले ते इतकेच, की सावधगिरीपुढे जाऊन शांतपणे ऐकून घेणे त्यांस साधले नाही.

फेब्रुवारी १६७५ मध्ये पारे येथील येशूसंघीय निवासाचे प्रमुख म्हणून चौतीस वर्षांचे एक धर्मगुरू आले. त्यांचे नाव फादर क्लोद दे ला कोलंबियेर. मोठ्या शहरात वक्ता म्हणून नाव मिळविण्याजोगी ह्यांची बुद्धी, परंतु आज्ञा झाली ती ह्या आडगावी येण्याची. मठातील भगिनींचे पापनिवेदन ऐकण्याचे काम त्यांजकडे होते. मार्गारेटने भीत भीत आपले अंतःकरण त्यांजपुढे उघडिले. फादर क्लोद ह्यांनी घाईने मान डोलाविली नाही, आणि घाईने नकारही दिला नाही. त्यांनी प्रश्न विचारिले, पारख केली, प्रार्थना केली, आणि मग तिला निःशंक सांगितले की हे देवापासून आहे, भिऊ नको, आणि जे घडले ते लिहून ठेव. त्याच वर्षीच्या जून महिन्यात, ज्या शुक्रवारी सण पाळावा अशी मागणी होती, त्या २१ तारखेस फादर क्लोद ह्यांनी स्वतःस त्या अतिपवित्र हृदयास अर्पण केले. मार्गारेटवर विश्वास ठेवून जगात त्या सणाचा पहिला मान देणारा हा एकच धर्मगुरू.

हे धर्मगुरू पारे येथे राहिले किती काळ? अवघे दीड वर्ष. १६७६ च्या शरदऋतूत त्यांस इंग्लंडास धाडण्यात आले. तेथे यॉर्कच्या डचेसच्या प्रार्थनालयात ते प्रवचने देत. १६७८ साली कॅथॉलिकांविरुद्ध खोट्या कटाचे तुफान उठले, तेव्हा त्यांस कैद करून बंदिखान्यात टाकिले व पुढे देशाबाहेर घालविले. तोवर क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. ऑगस्ट १६८१ मध्ये ते पारे येथे परत आले ते जणू मरणासाठीच. १५ फेब्रुवारी १६८२ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. मार्गारेटची मागणी तेव्हाही मठाच्या भिंतींआडच होती. मनुष्याच्या दृष्टीने पाहता हा सारा प्रयत्न फुकट गेला होता.

येथे कथेला वळण लागते. १६८४ साली ल्यों येथे फादर क्लोद ह्यांच्या आध्यात्मिक साधनेची टिपणे छापून निघाली. त्यांत एका देवप्रिय व्यक्तीस झालेल्या दर्शनाचा उल्लेख होता, नाव दिलेले नव्हते. ते पुस्तक पारे येथील मठात भोजनसमयी मोठ्याने वाचले गेले. ऐकणाऱ्या भगिनींस ती व्यक्ती कोण हे उमगले आणि त्यांच्या नजरा मार्गारेटकडे वळल्या. तिने मान खाली घातली. ज्यांनी तिचे ऐकिले नव्हते, त्यांस आता तिचे ऐकून घेणाऱ्याची साक्ष ऐकावी लागली, आणि तीही त्याच्या मृत्यूनंतर. २० जुलै १६८५ रोजी मार्गारेटच्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवार भगिनींनी कागदावर शाईने त्या हृदयाचे एक साधे चित्र काढून त्यास वंदन केले. त्यावरही मठातील वडीलधाऱ्या भगिनी रागावल्या, की ही नवी चाल कशास. परंतु पुढच्याच वर्षी, २१ जून १६८६ रोजी, ह्या विरोध करणाऱ्यांपैकीच एका भगिनीने आपण होऊन ते चित्र प्रार्थनामंडपात मांडिले आणि सर्वांस वंदनास बोलाविले. आमच्या घरोघरच्या तसबिरींची ती थोरली बहीणच म्हणावी. मार्गारेट मेरी १७ ऑक्टोबर १६९० रोजी प्रभूकडे गेली. तिच्या हयातीत ह्या मठाच्या बागेतील एक लहान प्रार्थनामंदिर एवढेच तिच्या मागणीचे मूर्त फळ होते.

पुढे शंभर वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांतीचे वादळ आले. क्लूनीचे ते अजस्र मंदिर १७९८ साली विकले गेले आणि दगडाची खाण समजून लोकांनी ते पाडून नेले. आज त्याचा थोडासाच भाग शिल्लक आहे. पारेचे साधू पांगले, भगिनींसही १७९२ साली मठ सोडावा लागला. साधूंचे मंदिर मात्र धर्मग्रामाचे मंदिर म्हणून वाचले, आणि म्हणूनच क्लूनी कसे असेल हे आज पाहावयाचे तर लोक पारे येथे येतात. भगिनीही पुढे परतल्या. १८५६ साली पोप नववे पायस ह्यांनी अतिपवित्र हृदयाचा सण साऱ्या ख्रिस्तसभेस लागू केला, १८६४ साली त्यांनीच मार्गारेट मेरीस धन्य म्हणून घोषित केले, आणि १९२० साली पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी तिला संतपद दिले. फादर क्लोद ह्यांस हा मान १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्या हस्ते मिळाला. सर्वांत विलक्षण गोष्ट १८७५ सालची. त्या वर्षी थोरल्या मंदिरास बॅसिलिकेचा दर्जा मिळाला आणि त्याचे जुने नाव जाऊन अतिपवित्र हृदयाचे मंदिर हे नाव पडले. बलाढ्य साधूंनी बांधिलेल्या वास्तूने शेवटी आपले नाव शेजारच्या लहान मठातील त्या दुबळ्या भगिनीकडून घेतले.

तेथून ही भक्ती आमच्यापर्यंत कशी पोहोचली, हेही थोडक्यात सांगू. १८४४ साली फ्रान्समध्येच येशूसंघीयांनी प्रार्थनेचा प्रेषितकार्यसंघ सुरू केला, आणि १८६१ पासून फादर आँरी रामियेर ह्यांनी पवित्र हृदयाचा निरोप नेणारे मासिक काढिले. त्या धर्तीची मासिके पुढे अनेक भाषांत निघाली. आपल्या मराठी भाषेत १९०३ साली जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग ह्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथून 'निरोप्या' सुरू केला, त्याचे नावच ह्या नात्याची साक्ष देते. १८९९ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी सर्व मानवजात त्या हृदयास अर्पण केली. आणि १९०७ साली फादर मातेओ क्रॉली ह्या धर्मगुरूंनी पारेच्याच प्रार्थनामंदिरात आजारातून उठून, घरोघरी ह्या तसबिरीची विधिपूर्वक स्थापना करण्याच्या कार्यास स्वतःस वाहून घेतले. आमच्या वाडवडिलांनी घरात धर्मगुरूंस बोलावून तसबीर बसविली, तो संस्कार ह्याच परंपरेतला.

भगिनींच्या त्या प्रार्थनामंदिरात आम्ही संध्याकाळी गेलो. जागा लहान, प्रकाश मंद. एका बाजूस संत मार्गारेट मेरीचे अवशेष ठेविले आहेत. नाना देशांचे लोक निःशब्द बसले होते. आम्हीही एका बाकावर बसून प्रभूने शिकविलेली प्रार्थना आपल्या मायबोलीत म्हटली, आणि घरची तसबीर, तिच्यापुढचा दिवा व त्या दिव्याच्या उजेडात गुडघे टेकणारी आपली माणसे डोळ्यांपुढे आली. तेथून थोड्याच अंतरावर दुसरे एक प्रार्थनामंदिर आहे, त्यात संत क्लोद ह्यांचे अवशेष आहेत. तेथे गर्दी कमी होती. परंतु खरे सांगावयाचे तर आमचे पाय तेथेच अधिक रेंगाळले.

कारण महोत्सवाच्या काळात आपण बांधणाऱ्यांची नावे आदराने काढतो, आणि काढलीच पाहिजेत. पाया कोणी घातला, घंटा कोणी दिली, वेदी कोणाच्या देणगीतून झाली, ह्या गोष्टी विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु पारे गावाचा इतिहास आम्हांस असे शिकवितो की, धर्मग्रामाच्या आयुष्यात काही सेवा दगडावर कोरता येत नाहीत. एक धर्मगुरू दीड वर्ष येतो, काहीही बांधीत नाही, एका नावडत्या भगिनीचे धीराने ऐकून घेतो आणि बदली होऊन निघून जातो. त्या ऐकण्यातून जे उगवले, ते काउंट लांबेरच्या मठाहून व क्लूनीच्या मनोऱ्यांहून दूरवर पोहोचले. आपल्याही धर्मग्रामात अशी माणसे होऊन गेली असतील. पापनिवेदनाच्या जाळीआड तासन्‌तास बसलेले धर्मगुरू, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या आजीबाई, ज्याचे कोणी ऐकत नाही अशा मुलास जवळ बसवून घेणारे शिक्षक. त्यांची नावे ह्या स्मरणिकेत नसतील. आणि आजही आपल्यामध्ये एखादी मार्गारेट असेल, जिच्या बोलण्यास आपण भ्रम म्हणून बाजूस सारीत असू. तिचे ऐकावयास कोणी बसले नाही, तर तिच्याकरवी देवाने पाठविलेला निरोप आपल्या दाराशी येऊन परत जाईल, ही भीती लहान नव्हे.

गाव सोडण्यापूर्वी आम्ही पुन्हा पुलावर आलो. बूर्बँसच्या पाण्यात थोरल्या मंदिराचे मनोरे तसेच स्थिर होते. लहान मठ मात्र कोठेच दिसत नव्हता. तरी आता आम्हांस ठाऊक होते की तो त्या मनोऱ्यांमागे आहे. वाचकहो, आज रात्री घरातील तसबिरीपुढे दिवा लावाल, तेव्हा त्या दोघांचे स्मरण करा, जिने निरोप सांगितला तिचे आणि ज्याने तो ऐकिला त्याचेही. येशूचे अतिपवित्र हृदय आपल्या धर्मग्रामावर कृपादृष्टी ठेवो, आणि एकमेकांचे ऐकून घेण्याची बुद्धी आपणां सर्वांस देवो.